पंचविसावा भागही बघावासा का वाटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कुठलीही फ्रँचायझी दोन-तीन भागांनंतर घसरते हा सगळ्यांचाच अनुभव. तरी काही गोष्टी तीस-चाळीस-साठ वर्षं चालतात आणि त्यांचं नवं काही आलं की लोक अजूनही उत्सुकतेनं बघतात. दर्जा टिकवलेल्या अशा फ्रँचायझी कोणत्या? आणि त्यांना हे जमतं ते पैशामुळे, नशिबामुळे, की आणखी कशामुळे?"

मी टीव्ही मालिकांच्या कथाविभागात काम करतो. रोजच्या मालिका केल्या, आठवड्याच्या केल्या, आणि दुसऱ्या कुणी सुरू केलेली गोष्ट मध्येच हातात घेऊन पुढे न्यायची कामंही वाट्याला आली. त्यामुळे खाली जे सांगतोय ते लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून दिसतं तसं. समीक्षक कदाचित वेगळं सांगतील.

आधी प्रश्न जरा नीट लावून घेऊ. "कधीच न घसरलेली" अशी अट घातलीत तर यादी रिकामीच राहील. ईऑन कंपनीचे जेम्स बाँडचे पंचवीस चित्रपट १९६२ ते २०२१ या काळात आले. त्यातले चार-पाच तरी कट्टर चाहतेसुद्धा पुन्हा लावायला तयार नसतात. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश टीव्ही मालिका १९६३ साली सुरू झाली आणि १९८९ साली बीबीसीनं ती थांबवली. गॉडझिला या जपानी महाकाय राक्षसाचा १९५४ चा पहिला चित्रपट अणुबाँबच्या सावलीत घडलेला, गंभीर. सत्तरच्या दशकात त्याच गॉडझिलाच्या सिनेमांत जुन्या सिनेमांमधली विध्वंसाची दृश्यं कापून चिकटवलेली सापडतात. तरी या तिन्ही आज "टिकल्या" म्हणूनच गणल्या जातात. तेव्हा खरा प्रश्न असा करू: घसरल्यावर पुन्हा वर यायची सोय काहींच्याच घडणीत का असते?

माझं उत्तर असं. जिच्यात पक्कं, न हलणारं असं फार थोडं असतं, आणि ते थोडं नेमकं कोणतं हे ओळखणारा माणूस निर्णयाच्या जागी असतो, ती फ्रँचायझी परत उभी राहते. पैसा लागतो, नशीबही लागतं, पण आधी सांगितलेल्या दोन गोष्टी नसतील तर पैशानं घसरण फक्त महाग होते.

यात बरंच काही परिस्थितीवर आहे, तेही सांगून टाकतो. रोजच्या मालिकेला थांबता येत नाही. एपिसोडची बँक, म्हणजे आधी तयार करून ठेवलेले भाग, संपली की उद्या रात्री चॅनलला काहीतरी द्यावंच लागतं. दोन चित्रपटांमध्ये चार वर्षं घेणाऱ्या निर्मात्याशी तिची तुलना करणं अन्यायाचं आहे. व्हिडिओ गेमला दर काही वर्षांनी नवं यंत्र मिळतं, नव्या शक्यता मिळतात. कॉमिकच्या पानाला तसं काही मिळत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे गोष्टीनं पहिल्याच दिवशी प्रेक्षकाला काय कबूल केलंय. "यामागे कोण आहे ते शेवटी कळेल" असं एकच मोठं गूढ पुढे ठेवलं असेल, तर मालिका लांबेल तशी उधारी वाढत जाते आणि एक दिवस कुठलंही उत्तर ती फेडू शकत नाही. अशा गोष्टीला संपायलाच हवं. ती दहाव्या वर्षी पाणचट झाली तर लेखकांचा दोष कमी, मुदतवाढ देणाऱ्यांचा जास्त. म्हणून पुढचं सगळं विवेचन, ज्या गोष्टी मुळातच पुन्हा पुन्हा घडू शकतात त्यांच्याबद्दल आहे.

अशा गोष्टींचा सर्वात स्वच्छ नमुना मला जपानमध्ये दिसतो. १९६८-६९ मध्ये तिथल्या फुजी टीव्हीवर 'ओतोको वा त्सुराई यो' नावाची मालिका लागली. नायक तोराजिरो, सगळ्यांचा तोरा-सान. गावोगाव फिरून जत्रांमध्ये किरकोळ माल विकणारा, तोंडाळ, चटकन चिडणारा आणि त्याहून चटकन प्रेमात पडणारा. शेवटच्या भागात त्याला साप चावतो आणि तो मरतो. प्रेक्षक एवढे भडकले की ती लिहिणाऱ्या योजी यामादानं त्याला १९६९ सालीच मोठ्या पडद्यावर जिवंत केलं. तिथून १९९५ पर्यंत अठ्ठेचाळीस चित्रपट झाले, बराच काळ वर्षाला दोन. नायक प्रत्येक वेळी कियोशी अत्सुमी. तिसरा आणि चौथा वगळता दिग्दर्शन प्रत्येक वेळी यामादाचं.

यात पक्कं काय ते बघा. तोरा टोकियोतल्या शिबामाता भागात काका-काकूंच्या मिठाईच्या दुकानात अचानक उगवतो. सावत्र बहीण साकुराला आनंद होतो. दोन दिवसांत घरात भांडण पेटतं आणि तोरा बॅग उचलून चालू पडतो. कुठेतरी दूर त्याला एक बाई भेटते, स्वारी प्रेमात पडते, प्रेम काही जुळत नाही. तो पुन्हा वाटेला लागतो आणि घरी त्याचं शुभेच्छापत्र येतं. बस. अठ्ठेचाळीस वेळा हेच.

कागदावर हे वाचून कुठलाही चॅनलवाला म्हणेल, "रिपिटेटिव्ह आहे." पण मोकळं काय सोडलंय ते पाहिलं की हुशारी कळते. प्रदेश दर वेळी नवा. बाई नवी, तिचं काम नवं, तिची अडचण नवी. म्हणजे प्रत्येक चित्रपटाची खरी गोष्ट त्या बाईची असते आणि तोरा त्या गोष्टीत शिरायचं दार असतो. दाराला दर वेळी बदलायची गरज नसते. फक्त लिली ही फिरती गायिका या अठ्ठेचाळीसात चारदा आली, कारण ती त्याच्यासारखीच बिनघराची. तिच्या बाबतीत "या वेळी जुळेल का" हा प्रश्न खरा वाटायचा. म्हणजे साच्याचा नियम मोडायचा तर किती जपून, कुणासाठी, हेही ठरलेलं.

आणि नट म्हातारा होत गेला तेव्हा? साठी ओलांडलेल्या माणसाला दर सहा महिन्यांनी प्रेमात पाडत राहिलं असतं तर केविलवाणं दिसलं असतं. १९८९ सालच्या बेचाळिसाव्या चित्रपटापासून साकुराचा मुलगा मित्सुओ प्रेमात पडायला लागला आणि तोरा झाला त्याला सल्ले देणारा मामा. पुढच्या वर्षापासून वर्षाला एकच चित्रपट. साचा तोच राहिला, भार दुसऱ्याच्या खांद्यावर गेला. १९९६ साली अत्सुमी वारला, आणि नवा तोरा कुणी शोधत बसलं नाही. २०१९ साली यामादानं आणखी एक चित्रपट केला, त्यातही तोरा येतो तो जुन्या चित्रणातूनच.

कथाविभागात आम्ही याला गोष्टीचं इंजिन म्हणतो: अशी एक परिस्थिती, जी स्वतःहून नवी अडचण तयार करत राहते. इंजिन चांगलं आहे की नाही हे तपासायला माझी एक साधी पद्धत आहे. मालिका ताब्यात घेताना नव्या लेखकाला मी सांगतो, आधीच्या कुठल्याही भागाचा उल्लेख न करता दहा वनलाइन, म्हणजे एका ओळीतल्या गोष्टी, लिहून आण. लिहिता आल्या तर इंजिन आहे. प्रत्येक ओळ "मागे जे झालं होतं त्याचा बदला म्हणून…" किंवा "हिची हरवलेली बहीण परत येते…" अशी सुरू होत असेल, तर मालिका आपलीच जुनी रद्दी जाळून चालली आहे, आणि रद्दी कधीतरी संपते.

बहुतेक फ्रँचायझी नेमकं इथे फसतात. पहिला भाग चालला की त्या नायकाचा इतिहास पक्का करायला घेतात. त्याचा बाप कोण, जखमेचा व्रण कुठून आला, खलनायकाशी लहानपणी काय झालं होतं. प्रेक्षकालाही त्या क्षणी ते हवं असतं, म्हणून मोह होतो. पण इतिहासाची प्रत्येक ओळ पक्की झाली की पुढच्या लेखकाची एक वाट बंद होते. पाचव्या भागाला बसलेला बिचारा लेखक गोष्ट सुचवण्यापेक्षा आधीच्या चार भागांशी तिचा मेळ घालण्यातच दमून जातो.

'डॉक्टर हू'नं उलट केलं, तेही आधी ठरवून नाही, गळ्याशी आल्यावर. १९६६ साली मुख्य नट विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना. दुसरी कुठलीही मालिका तिथे संपली असती. यांनी विचार केला की नायक तसाही माणूस नाहीच, परग्रहावरचा आहे. तेव्हा त्याचं शरीरच बदलू दे. पॅट्रिक ट्रॉटन आला, आणि तो हार्टनेलची नक्कल करत बसला नाही. चेहऱ्याबरोबर स्वभावही वेगळा ठेवला. अडचणीतून निघालेली ती पळवाट हाच पुढे मालिकेचा नियम झाला. पक्कं राहिलं ते एवढंच: पोलिसांच्या निळ्या खोक्यातून कुठल्याही काळात, कुठल्याही जागी जाऊ शकणारा एक विक्षिप्त प्रवासी आणि त्याच्याबरोबर सहसा एखादा साधा माणूस. १९८९ नंतर ती बरीच वर्षं बंद राहिली, मध्ये १९९६ साली एक टीव्ही चित्रपट आला, आणि २००५ साली रसेल टी. डेव्हिसनं ती परत सुरू केली तेव्हा त्याला सव्वीस वर्षांचा हिशेब द्यावा लागला नाही. एक मुलगी, एक अनोळखी माणूस, ते खोकं, आणि चला. नव्या प्रेक्षकाला जुनं काहीच माहीत असायची गरज पडली नाही.

'लॉ अँड ऑर्डर'चंही तसंच, फक्त त्याहून कोरडं. पहिला अर्धा भाग पोलिसांचा तपास, उरलेला अर्धा सरकारी वकिलांचा खटला. १९९० साली सुरू झाली, २००० पर्यंत पहिल्या सत्रातला एकही मुख्य कलाकार उरला नव्हता, आणि तरी ती २०१० पर्यंत चालली, मग २०२२ मध्ये परतही आली. नट गेला की मालिका गेली असं मानणाऱ्यांनी ही जरूर बघावी. प्रत्येक भाग उत्कृष्ट होता असं मी म्हणणार नाही, पण सरासरी राखणं ही टीव्हीमध्ये उत्कृष्टतेपेक्षा अवघड गोष्ट आहे.

आता थोडं वेगळं उदाहरण, कारण इथे पक्कं ठेवलेली गोष्ट पात्रही नाही आणि परिस्थितीही नाही. 'सेसमी स्ट्रीट' नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, लहान मुलांना शाळेआधी अक्षर-आकडे शिकवायला. प्रसारणाच्या आधी त्यांनी काही चाचणी भाग बनवले आणि मुलांना दाखवले. पद्धत अशी की टीव्हीशेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी वेगळी चित्रं बदलत राहायची, आणि मुलाची नजर टीव्हीवरून कधी हटते ते टिपायचं. मानसशास्त्रज्ञांनी आधी सल्ला दिला होता की बाहुल्या आणि खरी माणसं एका दृश्यात आणू नका, मुलांचा गोंधळ होईल. म्हणून रस्त्यावरच्या दृश्यांत फक्त माणसं होती. चाचणीत दिसलं की नेमकी तीच दृश्यं आली की मुलं शेजारच्या चित्रांकडे बघतात. त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला, रस्त्याची दृश्यं पुन्हा केली, आणि बाहुलीकार जिम हेन्सननं रस्त्यावर राहणारी पात्रं घडवली: बिग बर्ड आणि कचरापेटीतला ऑस्कर. आज ज्यांच्या चेहऱ्यावर ही मालिका ओळखली जाते ती पात्रं अशी, प्रेक्षकाची नजर मोजून जन्माला आली.

तेरा-चौदा वर्षांनी याची खरी परीक्षा झाली. रस्त्यावरच्या दुकानाचे मालक मिस्टर हूपर यांचं काम करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. सोपे मार्ग होते: दुसरा नट आणा, किंवा हूपर निवृत्त होऊन दूर राहायला गेले म्हणा. त्यांनी मुलांच्या तज्ज्ञांशी बोलून ठरवलं की खरं सांगायचं. नोव्हेंबर १९८३ च्या भागात बिग बर्ड सगळ्या मोठ्या माणसांची चित्रं काढून वाटतो, एक चित्र उरतं ते हूपर यांचं, आणि "ते आले की त्यांना देईन" असं तो म्हणतो. मग मोठी माणसं त्याला सांगतात की ते वारले आहेत, आता परत येणार नाहीत. "झोपलेत", "देवाघरी गेलेत" असं काही नाही. इथे पक्कं काय होतं? लहान मुलाला जे समजून घ्यायचंय ते त्याच्या पातळीवर, खोटं न बोलता सांगणं. ते पक्कं होतं म्हणून नट गेल्याच्या संकटातूनच मालिकेचा सर्वात चांगल्यांपैकी एक भाग निघाला. असं कलम आमच्याकडच्या किती मालिकांच्या पहिल्या पानावर सापडेल, मला शंका आहे.

पहिलं पान म्हणजे बायबलचं. प्रत्येक मालिकेचं एक बायबल असतं: पात्रं, नाती, घराचा नकाशा, कोणाला काय माहीत आहे आणि काय नाही. वर्षभरात ते जाडजूड होतं आणि मग कुणी वाचत नाही. मी त्याला एक वेगळं पान जोडायला लावतो, वरती फक्त "हे सांगायचं नाही" असं लिहिलेलं. अमुक पात्राचे वडील कोण: सांगायचं नाही. या दोघांचं पूर्वी काय झालं होतं: सूचना द्यायची, दृश्य लिहायचं नाही. नव्या लेखकाला हे पान सर्वात जास्त खुपतं, कारण त्याला तीच जागा भरावीशी वाटते. टीआरपी उतरला की चॅनलकडूनही नेमकी तीच मागणी येते: फ्लॅशबॅक करा, रहस्य उघडा, नाहीतर लीप घ्या, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे न्या. दोन आठवडे आकडे वर जातात. तिसऱ्या आठवड्यात हातात काहीच नसतं.

म्हणून दुसरी गोष्ट: "नाही" म्हणू शकणारा माणूस. आणि "नाही" अपयशाला म्हणणं सोपं असतं. यशाला म्हणता आलं पाहिजे. बाँडचा २००२ चा 'डाय अनदर डे' तोपर्यंतच्या बाँडपटांत सर्वात जास्त कमाई करणारा होता. अदृश्य होणारी गाडी वगैरे सगळा सरंजाम त्यात होता. कुठल्याही हिशेबानं पुढचा चित्रपट तसाच, थोडा आणखी मोठा व्हायला हवा होता. निर्माते मायकेल विल्सन आणि बार्बरा ब्रॉकली यांनी ती दिशाच सोडली. नट बदलला, इयान फ्लेमिंगची १९५३ ची पहिली कादंबरी घेतली, आणि २००६ मध्ये 'कॅसिनो रोयाल' आला, ज्यात बाँड नवखा आहे, मार खातो, चुकतो. त्यांना हे करता आलं याचं एक कारण सांगण्यासारखं आहे: बार्बरा ब्रॉकली ही सुरुवातीच्या निर्मात्याची मुलगी आणि विल्सन हा सावत्र मुलगा. दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या अधिकाऱ्याला पुढच्या तिमाहीचे आकडे दाखवायचे असतात. यांना आयुष्यभर त्याच एका गोष्टीबरोबर राहायचं होतं. घराणेशाहीचं समर्थन करतोय असं नाही, पण मालकी आणि आठवण एकाच डोक्यात असली की असे निर्णय घेता येतात. २०२५ मध्ये सर्जनशील निर्णयांचे हक्क अॅमेझॉन एमजीएमकडे गेले, तेव्हा पुढे काय होतं ते बघण्यासारखं असेल.

या "नाही"ची किंमतही असते, तीही लपवायला नको. 'टॉय स्टोरी' या अॅनिमेशनपटाचा दुसरा भाग १९९९ मध्ये प्रदर्शित व्हायचा होता आणि जेमतेम नऊ महिने हातात असताना पिक्सारनं गोष्ट जवळजवळ नव्यानं केली. चित्रपट अप्रतिम झाला. पण कामाच्या रेट्यानं कित्येक जणांचे हात-मनगटं दुखावली, आणि पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी स्वतःच पुढे लिहिलं की पुन्हा अशा रीतीनं काम करायचं नाही. दर्जा टिकवला म्हणून टाळ्या वाजवताना तो कुणाच्या मनगटांवर टिकला हेही विचारावं.

तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरच्याला आत घेणं. 'स्टार ट्रेक'च्या १९८७ च्या मालिकेची, 'द नेक्स्ट जनरेशन'ची, पहिली दोन सत्रं ओढाताणीची होती, लेखक येत होते आणि जात होते. १९८९ मध्ये मायकेल पिलर लेखनप्रमुख झाले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, दर आठवड्याच्या गोष्टीचा केंद्रबिंदू पाहुण्या पात्रावरून अंतराळयानावरच्या माणसांकडे आणला. दुसरं, पटकथा मागवण्याचं दार सगळ्यांना उघडं केलं. एजंट नसलेला, ओळख नसलेला माणूसही पटकथा पाठवू शकत होता. त्या काळात पटकथांच्या ढिगातून सापडलेल्यांपैकी एक रोनाल्ड मूर, जो पुढे या क्षेत्रातला मोठा लेखक झाला. ढिगानं येणाऱ्या पटकथा वाचणं हे काय काम असतं ते मला ठाऊक आहे, त्यातल्या बहुतेक वाचवत नाहीत. पण जुना चमू सारखा स्वतःच्याच गोष्टींना संदर्भ देत बसतो तेव्हा ढिगातली एक पटकथा पुरते.

यातच आणखी एक निरीक्षण. नवा माणूस फार मोठा चाहता असला तर दर वेळी फायदा होतोच असं नाही. चाहत्याला जुन्या खुणा परत बघायच्या असतात: तो संवाद, ती तलवार, तो पाहुणा. 'स्टार वॉर्स'मधली 'अँडोर' ही २०२२ ची मालिका टोनी गिलरॉयनं केली, ज्याला जुन्या खुणांच्या आरतीत रस नव्हता. त्यानं त्या विश्वात कारकून, तुरुंग, पोलिसी पाळत, राजकीय भीती या गोष्टी आणल्या. त्याच घराचा २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर' आणि ही मालिका लागोपाठ बघा. एकात सगळं ओळखीचं आहे आणि काहीच पणाला लागत नाही; दुसऱ्यात ओळखीचं फार थोडं आणि प्रत्येक प्रसंगात माणूस अडकलेला.

विश्रांतीबद्दल थोडक्यात. गॉडझिला १९७५ नंतर नऊ वर्षं थांबला. २००४ नंतर तोहो कंपनीनं पुढचा गॉडझिलापट आणला तो २०१६ मध्ये. आणि २०२३ च्या 'गॉडझिला मायनस वन'नं, युद्धातून उद्ध्वस्त झालेल्या जपानमध्ये गोष्ट ठेवून, जेमतेम पस्तीस जणांच्या चमूनं केलेल्या दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळवलं. उलट 'स्टार वॉर्स'चे दोन चित्रपट डिसेंबर २०१७ आणि मे २०१८ असे पाच महिन्यांच्या अंतरानं आले, दुसरा आपटला, आणि डिस्नीच्या बॉब आयगर यांनीच नंतर वेग जास्त झाल्याचं कबूल केलं. अर्थात विश्रांती घेतली म्हणून कल्पना आपोआप येत नाही. पण सारखं चालू असताना "आपण हे का करतोय" हा प्रश्न विचारायला कुणाला सवडच नसते.

गेमच्या बाबतीत मी जाणकार नाही, खेळणारा आहे, म्हणून एकच उदाहरण. निन्तेंदोची 'झेल्डा' १९८६ ची. वर्षानुवर्षं तिचा एक क्रम ठरून गेला होता: ठरावीक गुहा, ठरावीक हत्यार, त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या वेळी चमूनं एकेक सवय उचलून विचारलं की ही हवीच का. कल्पना तपासायला त्यांनी पहिल्या गेमसारखा दिसणारा साधा, सपाट नमुना बनवला, ज्यात झाड पेटवता येतं, तोडलेला ओंडका पाण्यात लोटता येतो. तारीख २०१५ वरून २०१७ वर गेली. शेवटी पक्कं उरलं ते अनोळखी प्रदेशात स्वतः वाट शोधण्याचं कुतूहल, जे १९८६ च्या गेममध्येही होतं. मधली सगळी दारं-किल्ल्या म्हणजे साचलेली सवय होती.

आणि न चालू ठेवणं हाही दर्जा राखायचा मार्ग असतो. टिनटिन या कॉमिकचे निर्माते एर्जे १९८३ साली गेले, टिनटिनचं चोविसावं पुस्तक अपुरं राहिलं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे दुसऱ्या कुणी नवं टिनटिन काढलं नाही. चार्ल्स शुल्झचं 'पीनट्स' हे वर्तमानपत्रातलं चित्रकथांचं सदर १९५० पासून जवळपास पन्नास वर्षं त्यांच्या एकट्याच्या हातून चाललं आणि २००० साली त्यांच्याबरोबर थांबलं. त्यांच्या बाबतीत पक्कं होतं ते त्या एका माणसाच्या हाताचं वळण. ते हस्तांतरित होत नाही. अॅस्टेरिक्स या चित्रकथेचा लेखक गोसिनी १९७७ मध्ये गेल्यावर चित्रकार उदेर्झोनं ती पुढे चालू ठेवली, २०१३ पासून तर दोघंही नवे. माझं वैयक्तिक मत, गोसिनीच्या शब्दांची धार नंतर फारशी सापडत नाही. चित्रं मात्र शेवटपर्यंत देखणी आहेत.

आता तुमच्या पैसा-की-नशीब प्रश्नाकडे. पैशाचं एक उदाहरण पुरे: 'स्टार ट्रेक'चा १९७९ चा पहिला चित्रपट प्रचंड खर्चाचा होता आणि रेंगाळणारा निघाला. १९८२ चा दुसरा त्याच्या निम्म्याहूनही कितीतरी कमी खर्चात झाला, आणि आज चाहत्यांना विचाराल तर दुसराच आधी सांगतील. त्यात म्हातारपण, जुना शत्रू आणि मित्राचा मृत्यू एवढंच आहे. नशीब मात्र नाकारत नाही. अत्सुमीसारखा नट सत्तावीस वर्षं मिळणं हे कुठल्या बायबलमध्ये लिहून होत नाही.

नवा भाग जाहीर झाला की वेळ घालवायचा की नाही हे मी कसं ठरवतो तेही सांगतो, कारण तुम्हाला बहुधा तेच हवंय. ट्रेलरमध्ये नव्या गोष्टीची अडचण दिसते की फक्त जुने चेहरे परत आल्याच्या टाळ्या, हे आधी बघतो. मग लेखकाचं नाव. चार-पाच लेखकांची नावं एकाखाली एक असतील तर गोष्ट बऱ्याच हातांतून गेलेली असते आणि "नाही" म्हणणारं कुणी नव्हतं असा माझा अंदाज असतो, जो अधूनमधून चुकतोही. "हे समजायला आधीचं अमुक आणि तमुक बघावं लागेल" असं कुणी सांगितलं की मी सरळ पुढच्या वर्षावर टाकतो.

सुरुवात करायची असेल तर या क्रमानं करा. तोरा-सानचा पंधरावा चित्रपट, १९७५ चा, ज्यात लिली परत येते. आधीचे चौदा बघायची गरज नाही, आणि लागत नाही हाच इंजिन चांगलं असल्याचा पुरावा. 'डॉक्टर हू' २००५ पासून. बाँडचा 'कॅसिनो रोयाल'. गॉडझिलाचे १९५४ आणि २०२३ चे दोन, पाठोपाठ. 'अँडोर' बाकी काही न बघता चालेल. आणि 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' तिसऱ्या सत्रापासून लावा, पहिली दोन सत्रं नंतर, पात्रांवर जीव बसलाच तर.